तंबूतली रात्र आणि अपुरी झोप

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता पवना धरणाकाठी तंबूत मुक्कामाला गेलो होतो. शेजारी तरुणांचा मोठा घोळका उतरला होता. रात्रीचे साडेबारा झाले तरी स्पीकरचा दणदणाट चालूच. व्यवस्थापकाकडे गेलो, तर मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "काका, इथं लोक मजा करायला येतात. झोपायचं तर घरी झोपायचं." संतापाने उरलीसुरली झोपही उडाली.

पहाटे 4 ला आवाज थांबला. सकाळी परतताना गाडी चालवता चालवता क्षणभर माझा डोळा लागला. सौ. ओरडली म्हणून आम्ही वाचलो.

वाचकहो, आपण झोपलो तरी कान जागेच असतात. मोठ्या आवाजाने झोपेतही नाडी व रक्तदाब वाढतो, झोप तुटते. अशा रात्रीनंतर गाडी चालवणे धोक्याचे. खिडकी उघडून वा गाणी लावून झोप जात नाही. पेंग येताच गाडी सुरक्षित जागी थांबवून 15-20 मिनिटे झोपावे.

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास एरवी मनाई आहे. व्यवस्थापक दाद देत नसेल तर हुज्जत न घालता 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे. मुक्काम ठरवतानाच गाणी किती वाजता बंद होतात ते विचारावे. कानात घालायचे फोमचे बोळे जवळ ठेवावेत.

आणि झोप झाली नसेल तर निघण्याची घाई करू नये. डॉक्टर असूनही मी ती केली.