गाडीचा ताप सांगणारा काटा : जुन्या गाडीचं तापमान कसं वाचायचं?



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी वडिलांच्या काळातली एखादी जुनी चारचाकी असते. आमच्याकडे आण्णांची २००४ सालची मारुती ८०० आहे. पासिंग पुन्हा करून घेतलंय आणि शिवाजी पेठेतल्या बोळातून ती अजून नीट निघते. तिच्या डॅशबोर्डवर पेट्रोलच्या काट्याशेजारी एक छोटा काटा आहे. खाली ‘सी’ म्हणजे थंड, वर ‘एच’ म्हणजे गरम. मी चौथीच्या मुलांना तापमापी शिकवते, पण हा काटा मला वाचता येत नव्हता. त्याची किंमत आण्णांच्या हाताला मोजावी लागली.

काय झालं?

मागच्या मे महिन्यात आम्ही पन्हाळ्याला निघालो होतो. मी चालवत होते, आण्णा शेजारी, मुलं मागे, एसी सुरू. शिवाजी पूल, केर्ली, सगळं ठीक. वाघबीळ सोडून चढ लागला आणि काटा मधून वर सरकायला लागला. आण्णा म्हणाले, “जुनी गाडी हाय, चढाला काटा वर जाणारच.” तो एचला टेकला तेव्हा मी घाबरले. पण मिनिटाभरात काटा आपोआप खाली आला. “बघ, आला खाली. चल आता,” आण्णा म्हणाले. आम्हा दोघांनाही बरं वाटलं. पुढे जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. थांबून आण्णांनी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी आणि वाफ कोपरापर्यंत आली. तीन आठवडे पट्टी होती, डाग अजून आहे.

यात आमच्या दोन चुका झाल्या. त्या समजून घ्यायच्या तर आधी इंजिन थंड कसं राहतं ते बघूया.

इंजिन थंड कसं राहतं?

पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनच्या धातूत उष्णता म्हणून शिरते. सिलिंडरमधला जाळ क्षणभर २००० अंशांच्या वर जातो आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळतं. तरी ते वितळत नाही, कारण सिलिंडरभोवती सतत पाणी फिरत असतं.

पाणीच का? एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात एक किलो लोखंड साधारण नऊ अंशांनी तापतं. म्हणजे पाणी पुष्कळ उष्णता पोटात घेतं आणि स्वतः मात्र थोडंच तापतं.

इंजिनात पाण्याला वाट कशी केलेली असते, हे कोल्हापूरच्या मुलांना सांगणं सोपं आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कुणाचे ना कुणाचे वडील, काका कामाला असतात. जिथे पोकळी हवी तिथे साच्यात वाळूचा कोअर ठेवतात, भोवती धातू ओततात आणि निवल्यावर वाळू झटकून काढतात. उरलेल्या त्या पोकळीतून पाणी फिरतं. इंजिनवरचा पट्टा पंप फिरवतो, पंप पाणी ढकलतो, गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, वारा त्याची उष्णता नेतो आणि पाणी परत इंजिनात येतं. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर पंखा लागतो. ॲम्बॅसेडर, पद्मिनीत पंखा इंजिनच फिरवायचं, मारुतीत तो विजेवर चालतो.

मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं.

झाकण म्हणजे कुकरची शिट्टी

आपण मुलांना शिकवतो की पाणी १०० अंशांना उकळतं. ते समुद्रकाठी खरं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे ते साधारण ९८ अंशांनाच उकळतं. मग इंजिनातलं १०५ अंशांचं पाणी उकळत का नाही? कारण रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही.

आता आण्णांनी झाकण उघडलं तेव्हा काय झालं ते बघा. आत पाणी ११० अंशांचं आहे असं धरा. दाब गेला की त्याला ९८ वर यावंच लागतं. वरच्या १२ अंशांची उष्णता दर लिटरमागे वीस-बावीस ग्रॅम पाण्याची वाफ करते. ऐकायला किती कमी वाटतं! पण तेवढ्या वाफेला ३५ लिटरहून जास्त जागा लागते. ती बाहेर झेपावते आणि येताना उकळतं पाणी घेऊन येते. कुकरची वाफ जिरल्याशिवाय घरी कुणी झाकण काढत नाही. मग गाडीचं तरी का काढायचं?

काटा काय सांगतो?

काट्याची तार इंजिनवरच्या एका सेन्सरला जाते. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं असतं. पाणी तापलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, जास्त वीज वाहते आणि काटा वर जातो. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या खुणा सहज कळतात.

१. काटा मध्याच्या थोडा खाली स्थिर : सगळं ठीक. आपल्या गाडीची नेहमीची जागा पाठ करून ठेवा.

२. काटा वर येतच नाही : थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय, नाहीतर तार सुटलीय. सतत थंड राहिलेलं इंजिन पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं.

३. सिग्नलला वर, पळताना खाली : आधी पंखा तपासा.

४. चढाला वर, सपाटीला खाली : पाणी कमी आहे किंवा रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अर्धवट बुजल्या आहेत. “जुनी गाडी आहे” हे कारण नव्हे.

५. काटा एकदम वर आणि बॅटरीचा दिवाही लागला : बहुतेक पट्टा तुटला. पुष्कळ जुन्या गाड्यांत पंप आणि बॅटरी चार्जिंग एकाच पट्ट्यावर असतं.

६. एचला टेकलेला काटा अचानक खाली : ही सगळ्यात धोक्याची खूण, आणि आम्ही नेमकी तिच्यावरच खूश झालो.

आमच्या गाडीच्या पाइपला चीर गेली होती. पाणी गळून सेन्सरच्या खाली गेलं आणि सेन्सर उघडा पडला. इंजिन भाजत होतं, पण सेन्सरला ते कळत नव्हतं. हे मी वर्गात सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, “बाई, म्हणजे काटा खोटं बोलला?” मी म्हटलं, नाही रे. वर्गातली साधी तापमापी गरम पाण्यातून काढून टेबलावर ठेवली तर ती टेबलाचंच तापमान सांगणार. पाणी निवलं असं तिने म्हटलेलं नसतं, ते आपण समजतो.

काटा वर गेला तर काय करावं?

मध्य ओलांडला की एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा, तोही इंजिनची थोडी उष्णता काढून घेतो. गाडी कडेला घ्या. काटा एचला असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करा, मुलांना रस्त्यापासून लांब उभं करा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. वरचा पाइप हाताला थंड लागला तरच ते उघडा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू वाकतो किंवा तडकतो. नंतर सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर गाडी ओढूनच न्या. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं.

रोजची काळजी म्हणजे सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी बघणं. बोअरचं पाणी घालू नका, पातेल्यात साठतो तसा क्षार नळ्यांतही साठतो. कूलंट घाला. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज रोखतो आणि उत्कलनबिंदूही वाढवतो. पालकांनो, एक लक्षात ठेवा : तो चवीला गोड आणि विषारी असतो. कॅन मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

वर्गात करून बघा

कागदाच्या पेल्यात पाणी भरा आणि मेणबत्तीची ज्योत तळाला, पाण्याच्या पातळीखालीच लागेल अशी धरा. कागद पेटत नाही, कारण उष्णता पाणी घेतं. प्रयोग शिक्षकांनीच करावा, मुलं लांब बसवावीत. मग विचारा : पेल्यातलं पाणी संपलं तर?

आमच्या वर्गात उत्तर एका सुरात आलं. आण्णांना तोच प्रयोग घरी करून दाखवला. काही बोलले नाहीत. पण हल्ली गाडीत बसलं की आधी ते त्या छोट्या काट्याकडे बघतात.