न पाहता वाट दाखविणारे गणित

एखाद्या मोठ्या, काळोख्या वाड्यात एक मनुष्य वाट चुकला आहे, अशी कल्पना करा. तो कोणत्या खोलीत आहे हे त्यालाही ठाऊक नाही व आपल्यालाही ठाऊक नाही. आपण बाहेरून मोठ्याने आज्ञा देऊ शकतो आणि तो त्या तंतोतंत पाळतो. परंतु त्याचे उत्तर मात्र आपल्याला ऐकू येत नाही. अशा स्थितीत, तो आरंभी कोठेही असो, त्याला एका ठरावीक खोलीत निश्चितपणे आणून पोहोचवील असा आज्ञांचा क्रम रचता येईल काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न केवळ करमणुकीचा वाटतो. तथापि थोर गणितज्ञांनी त्यावर आयुष्याची वर्षे वेचली आहेत, आणि त्यातील मुख्य प्रश्न अद्यापि सुटलेला नाही.

हे कोडे आम्ही शाळेच्या पटांगणावर खडूने आखून पाहिले. चार खोल्या वर्तुळाकार काढल्या व त्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक दिले. आज्ञा दोनच ठेवल्या. 'पुढे' म्हटले की प्रत्येकाने पुढच्या खोलीत जावयाचे. चौथीतील मुलाने पहिलीत यावयाचे. 'दार' म्हटले की केवळ चौथ्या खोलीतील मुलाने पहिलीत यावयाचे. बाकीच्यांनी जागचे हलावयाचे नाही. वाट चुकलेला मनुष्य कोठे आहे हे माहीत नसल्यामुळे चारही खोल्यांत एकेक मुलगा उभा केला. चौघेही एका खोलीत आले की आपले काम झाले.

पहिल्याच 'दार' या आज्ञेने चौथीतील मुलगा पहिलीत आला आणि १, २, ३ या तीन खोल्या भरलेल्या राहिल्या. मग दोनदा 'पुढे' म्हटल्यावर ३, ४, १ या खोल्या भरल्या. चौथी व पहिली दोन्ही भरलेल्या पाहताच एका उतावळ्या विद्यार्थ्याने लगेच 'दार' म्हटले. दोन मुले एकत्र आली खरी, परंतु भरलेल्या खोल्या राहिल्या १ आणि ३, म्हणजे अगदी समोरासमोरच्या. तेथून सर्वांना एकत्र आणीपर्यंत एकूण दहा आज्ञा खर्ची पडल्या.

दुसऱ्या खेपेस आम्ही धीर धरला. 'दार' म्हणून तीनदा 'पुढे' म्हटले, तेव्हा ४, १, २ या खोल्या भरल्या. मग 'दार' म्हटल्यावर १ आणि २ या शेजारच्या खोल्या उरल्या. पुन्हा तीनदा 'पुढे' आणि अखेरचे 'दार' म्हणताच सर्व मुले पहिल्या खोलीत आली. एकूण आज्ञा नऊ. याहून थोड्या आज्ञांत हे काम होतच नाही.

अशा रचनेस गणितात स्वयंचल यंत्र, म्हणजेच ऑटोमॅटन, म्हणतात. खोल्या या त्याच्या 'अवस्था' होत. आरंभीची अवस्था कोणतीही असली तरी एकाच शेवटाला नेणारा आज्ञाक्रम ज्या यंत्राला असतो, त्यास 'सिंक्रोनायझिंग ऑटोमॅटन' असे नाव आहे.

आता या दोन आज्ञांतील भेद नीट पाहू. 'पुढे' ही आज्ञा कितीही वेळा दिली तरी चार मुले चार खोल्यांतच राहतात. चारदा दिली की सर्वजण मूळ ठिकाणी परततात. म्हणजे तिने केलेले सारे तिनेच पुसून टाकता येते. ज्या क्रिया एकापुढे एक जोडता येतात आणि ज्यांतील प्रत्येक क्रिया उलटवता येते, त्यांच्या समुदायास बीजगणितात 'गट' म्हणतात. गटाला विसर पडत नाही. कोण कोठून आला हा भेद तो सदैव जपून ठेवतो, आणि म्हणूनच केवळ गटाच्या बळावर दोन मुलांनाही एकत्र आणता येत नाही.

'दार' ही आज्ञा निराळ्या स्वभावाची आहे. पहिल्या खोलीत दोघे आले की त्यांतील चौथीतून कोण आला, हे खोलीकडे पाहून सांगता येत नाही. ती क्रिया उलटवता येत नाही. क्रिया एकापुढे एक जोडता येतात पण त्या उलटवता आल्याच पाहिजेत असे बंधन नसते, अशा समुदायास 'अर्धगट' म्हणतात. आपल्या वाड्याचे सर्व आज्ञाक्रम मिळून एक अर्धगटच होतो. यंत्राला इष्ट आज्ञाक्रम आहे काय असे विचारणे म्हणजे या अर्धगटात सर्वांना एकाच ठिकाणी नेणारी क्रिया आहे काय असे विचारणे होय.

मग न उलटणारी कोणतीही एक आज्ञा जोडली की काम होईल काय? तसे नाही. 'दार'ऐवजी 'जोड' अशी आज्ञा घ्या: तिसरीतील मुलाने पहिलीत व चौथीतील मुलाने दुसरीत जावे, इतरांनी स्वस्थ उभे राहावे. येथे मुले एकत्र येतात. तथापि विषम खोलीतील मुलगा विषमातच व सम खोलीतील समातच राहतो. 'पुढे' म्हटले की सम आणि विषम यांची केवळ अदलाबदल होते. म्हणून पहिली व दुसरी यांतील मुले जन्मभर एकत्र येणार नाहीत.

खोल्या पाच केल्या तर मात्र चमत्कार घडतो. 'पुढे'च्या जोडीला न उलटणारी कोणतीही आज्ञा घ्या, सर्वांना एकत्र आणणारा क्रम सापडतोच. याचे मर्म असे की, मुले एकत्र येण्याचे थांबलेच तर त्या वेळी खोल्यांचे सारखे वाटे पडलेले असावे लागतात. चारांचे दोन-दोन असे वाटे पडतात. पाच ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे तसे वाटे पडत नाहीत. खोल्यांची संख्या मूळ असेल तर हे नेहमीच खरे ठरते, आणि फ्रेंच गणितज्ञ झाँ-एरिक पँ यांनी १९७८ मध्ये त्यासाठी लागणाऱ्या आज्ञांची मर्यादाही सिद्ध केली. न उलटणारी कोणतीही आज्ञा ज्याच्या साह्याने सर्वांना एकत्र आणू शकते असे गट कोणते, याचा शोध गेल्या काही दशकांत जोआँव आराउजो, पीटर कॅमेरॉन प्रभृती विद्वानांनी घेतला आहे.

आमच्या चार खोल्यांचा नमुना मुळात यान चेर्नी यांचा. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील या गणितज्ञाने १९६४ मध्ये आपला निबंध स्लोव्हाक या मातृभाषेत लिहिला. अशाच प्रकारच्या यंत्रात खोल्यांची संख्या कितीही असो, तीतून एक वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतक्या आज्ञा लागतात, हे त्यांनी दाखविले. चार खोल्यांना तीनाचा वर्ग, म्हणजे नऊ. ज्या यंत्रात असा क्रम मुळात अस्तित्वात आहे त्यास याहून अधिक आज्ञा कधीच लागत नाहीत, हे अनुमान पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले.

ते आजवर कोणी सिद्ध केलेले नाही आणि खोटेही पाडलेले नाही. शंभर खोल्यांना अनुमानाप्रमाणे ९,८०१ आज्ञा पुरतात. पीटर फ्रांकल व पँ यांच्या कामातून १९८३ मध्ये सिद्ध झालेली मर्यादा १,६६,६५० आहे. २०१८ मध्ये मारेक शिकुवा यांनी व त्यानंतर यारोस्लाव शितोव यांनी ती किंचित खाली आणली. तथापि दरी अजून फारच रुंद आहे.

हे गणित कारखान्यातही उपयोगी पडते. सरकत्या पट्ट्यावरून येणारा सुटा भाग कोणत्या बाजूवर पडला आहे हे न पाहता, वाटेत योग्य क्रमाने अडथळे ठेवून तो हव्या बाजूवर आणता येतो. या दृष्टीने नटराजन यांनी १९८६ मध्ये असा विचार मांडला होता.

विद्यार्थिमित्रहो, पाच खोल्या आखा व चौथ्याऐवजी पाचव्या खोलीला 'दार' ठेवा. सोळा आज्ञांत सर्वजण एकत्र येतात काय, ते स्वतः पडताळून पाहा. एवढे साधले की चेर्नींचा प्रश्न तुम्हांला पुरता समजला असे म्हणता येईल. त्याचे उत्तर मात्र अजून कोणाच्याच वहीत नाही. ते लिहावयाचे आहे.