पोटखराब्याची श्रीमंती

सिंधुदुर्गावर लेख लिहायचा म्हटलं की समुद्र, मासे, मालवणी मसाला ठरलेलेच. मी मात्र कातळावरच लिहिणार आहे, कारण गेली कित्येक वर्षं मला तोच बोलावतो. आचऱ्याहून मिठबावकडे येताना घाटी चढून वर आलं की सडा लागतो. मैलभर सपाट, काळपट तांबडा, मेमध्ये अनवाणी पाऊल टेकवता येणार नाही असा तापलेला. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुधा ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं, म्हणजे लागवडीच्या उपयोगाची नाही. माझ्या मते या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेची सगळ्यात मोठी ठेव ह्याच शेऱ्याखाली दडलेली आहे.

आधी सांगायलाच हवं ते उरकून घेतो. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा, किनारा 121 किलोमीटर, मुख्यालय ओरोस. उत्तरेला वाघोटनची खाडी, दक्षिणेला तेरेखोल, मधे गड, कर्ली आणि लहान नद्या. रेडीला लोहखनिज, कासार्ड्याला सिलिका वाळू, मालवणला सागरी अभयारण्य. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 8,49,651 भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. आणि हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया. या दोन आकड्यांत मुंबईला गेलेला चाकरमानी आणि घर सांभाळणारी त्याची आई-बायको दोघंही आली. आता कातळाकडे वळतो.

हा जांभा दगड मुळात काळा पाषाणच. पाऊस आणि ऊन आलटून पालटून लाखो वर्षं झेलताना त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून तो तांबडा, आणि म्हणूनच मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. जमिनीत असताना मऊ, कापून काढला आणि हवा लागली की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची शास्त्रीय नोंद केली. आपल्याकडे घरांच्या जोत्यांपासून विजयदुर्गाच्या तटापर्यंत तोच चिरा बसलाय.

इथली गावं सड्यावर का नाहीत, उतारावर आणि खाली व्हाळाकाठीच का, तेही हा दगडच सांगतो. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, तळाच्या चिकणमातीच्या थराशी अडतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. तिथे विहिरी, तिथे माड-पोफळी, तिथेच वाड्या. सडा उघडा बोडका दिसला तरी खालच्या विहिरीला पाणी त्याच्याच अंगातून येतं. वर डांबर ओतलं, खाण खोदली, तर खालच्या वाडीला ते एप्रिलमध्ये कळतं.

आणि आंबा. इथे मी हात आखडणार नाही. कातळावर कलम लावणं म्हणजे आधी सुरुंग. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा फोडायचा, लांबून माती आणि शेणखत आणून भरायचं, मग कलम. पूर्वी तारली मासळी भरमसाट पडली की ती माडाच्या मुळाशी खत म्हणून जायची. समुद्राचं आणि बागेचं नातं इतकं सरळ होतं. 1990 च्या सुमारास रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागलं आणि देवगडचे सडेच्या सडे हिरवे झाले. मिठबावात एका म्हाताऱ्या बागायतदारांना मी विचारलं, “काका, ह्या दगडात झाडाक पाणी मिळता खयसून?” ते म्हणाले, “पयली दोन-तीन वर्सां आमी घालतंव. मुळां एकदा भेगेत गेली काय तीच पाणी सोदतत.”

मुळाशी पाणी साचत नाही, दिवसा दगड तापतो, हिवाळ्यात रात्री गारवा उतरतो. मोहोराला हे मानवतं. पण ह्याच तापण्याचा एक वाईट गुण आहे. वरून देखणं फळ कापावं आणि आत पांढरट, फोपसा गर निघावा, तो साका. जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं संशोधकांनी दाखवलं. झाडाखाली गवताचं आच्छादन घातलं तर साका कमी होतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने हापूस आणि नीलमच्या संकरातून ‘रत्ना’ काढला तो साक्यापासून मुक्त, पुढे बारीक कोयीचा ‘सिंधू’ही आला. दोन्ही मी आवडीने खाल्लेत. तरी मला अढीतून काढलेला, साल सुरकुतू लागलेला देवगडचा हापूसच हवा असतो, आणि 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर काळजी वाटते. करारावर बाग घेणारे काहीजण दोन-चार वर्षांत जास्तीत जास्त फळ ओरबाडण्यासाठी कल्टार या मोहोर वाढवणाऱ्या रसायनाचा बेसुमार मारा करतात आणि थकलेलं झाड मालकाच्या पदरात टाकून निघून जातात. दुसरीकडे यंत्राने चिरे कापणाऱ्या खाणी सड्याला चौकोनी खड्डे पाडत चालल्या आहेत. बागेतलं झाड पुन्हा लावता येतं, सडा पुन्हा घालता येत नाही.

मिठबावहून आडवळण करून मालवण तालुक्यातल्या कुडोपीला जरूर जा. तिथल्या सड्यावर माणसांनी कातळात आकृती खोदल्यात, एक मोठी मातृदेवतेसारखी. गावकरी त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. कोकणातली अशी शिल्पं अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, आणि 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातल्या कातळशिल्पांसोबत कुडोपीचंही नाव लागलं. पावसाळ्यात गेलात तर वाकून पाहा: सीतेची आसवं, गेंद अशी बोटभर उंचीची फुलं दगडाच्या खळग्यांतल्या चिमूटभर मातीत फुललेली असतात.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी अधिसूचना निघाली तेव्हा राजापुरातल्या गावांबरोबर देवगडची गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही त्यात होती. 2019 च्या मार्चमध्ये ती अधिसूचना रद्द झाली. त्या वादात ‘जमीन तर ओसाडच आहे’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं. ते ज्या कागदाच्या आधारावर बोललं जातं तो कागदच आधी बदलायला हवा. प्रत्येक सड्याची मोजणी करताना त्याच्यावर अवलंबून असलेल्या विहिरी, त्यावरची कलमं, फुलं आणि शिल्पं यांची नोंद ग्रामसभेसमोर वाचून व्हावी, आणि तिची प्रत सातबाऱ्यासोबत तलाठ्याकडे राहावी.