एका जाहिरातीचें उत्तर

विजेच्या तारेवर असतें तसें एक वेष्टण मेंदूंतील व पाठीच्या कण्यांतील मज्जातंतूंवर असतें. शरीराच्या रक्षक पेशीच तें कुरतडूं लागल्या, म्हणजे 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हा विकार जडतो. दृष्टि अंधुक होते, पाय लटपटतात. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांच्या भावास तो जडला, आणि डॉक्टरांपाशीं इलाज नव्हता. मे १९४५ मध्यें या बहिणीनें 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें जाहिरात दिली: ह्या रोगांतून बरें झालेलें कोणी असल्यास कळवावें. पत्रें आलीं, पण तीं उपाय सांगणारीं नव्हेत, विचारणारीं! दुसरें कोणी हताश होऊन बसलें असतें. लॉरींनीं त्या पत्रलेखकांनाच हाताशीं धरून १९४६ मध्यें संशोधनासाठीं संस्था काढली. रोगाचे झटके कमी करणारें 'इंटरफेरॉन बीटा' अमेरिकेंत १९९३ मध्यें मान्य झालें. लॉरी २००१ मध्यें वारल्या. रोग समूळ घालविणारें औषध मात्र अद्याप सांपडलेलें नाहीं.