अंधाऱ्या खोलीतली उलटी पेठ

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणजे घरात काय कल्लोळ उडतो, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगायला नको. गेल्या वर्षी आमच्या पुण्यातल्या घरी हाच प्रसंग आला होता. पुढची खोली रिकामी करून सगळे सामान माजघरात रचलेले, भिंतींवर नुकताच पांढरा रंग चढलेला, आणि दारे-खिडक्यांचे काम अर्धवट टाकून रंगारी तीन दिवसांसाठी आपल्या गावी गेलेला! महाविद्यालयात शिक्षकांच्या खोलीत मी ही रडकथा सांगत होते, तेव्हा आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी एकदम म्हणाले, “बाई, रागावू नका. असा कोरा पडदा तुम्हाला पुन्हा मिळायचा नाही. त्या खोलीचा कॅमेरा करा!”

मी मराठी शिकवणारी बाई. कॅमेऱ्याशी माझा संबंध सहलीत मुलांना ओळीने उभे करण्यापुरता. पण त्यांनी समजावले ते सोपे होते. खोली पूर्ण अंधारी करायची, खिडकीच्या जागी वाटाण्याएवढे एकच भोक ठेवायचे. बाहेरचा रस्ता आपोआप समोरच्या भिंतीवर येऊन बसतो. ना भिंग, ना वीज.

दुसऱ्या दिवशी मुलांची सुट्टीच होती. पश्चिमेच्या खिडकीला आतून काळा पुठ्ठा ठोकला, फटी चिकटपट्टीने बंद केल्या, दाराच्या खालच्या फटीत गोधडी दाबली. वर्तमानपत्रे लावून पाहिली होती, पण त्यांतून उजेड झिरपतो. मग पुठ्ठ्यात भोक पाडले आणि आम्ही सगळी मंडळी, सासूबाईंसह, अंधारात सतरंजीवर बसलो.

पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसेना. मुलगा कंटाळून उठणार, तोच धाकटी ओरडली, “आई, छतावरून रिक्षा गेली!”

खरेच गेली होती. डोळे अंधाराला सरावू लागले तसतसे एकेक उमटू लागले. छताला चिकटलेला रस्ता, त्यावरून डोके खाली करून चाललेली माणसे, भिंतीवर समोरचा जुना दुमजली वाडा पालथा टांगलेला, आणि सगळ्यांत खाली, आमच्या पायांपाशी, आभाळ. सासूबाई कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “अगं, ती बघ, सज्ज्यात बसलीय.”

समोरच्या वाड्यातल्या आजी रोज सकाळी सज्ज्यात तांदूळ निवडत बसत. सासूबाईंची आणि त्यांची मैत्री या सज्ज्यातून त्या खिडकीत अशी चाळीस वर्षांची. भिंतीवर त्या दोन विती उंचीच्या, उलट्या बसल्या होत्या. नाक-डोळे दिसत नव्हते. पण मान जराशी कलती ठेवून बसण्याची ढब ओळखायला नाक-डोळे लागत नाहीत. आणि तो वाडा दिवाळीनंतर पाडायचा ठरला होता. मग मी ठरवले, की या तीन दिवसांत या भिंतीची छायाचित्रे घ्यायची.

कॅमेरा आणि कमरा

छायाचित्रांकडे वळण्यापूर्वी माझ्या विषयातली एक गंमत सांगते. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे चक्क खोली! ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे अंधारी खोली. हे नाव १६०४ साली केप्लर या ज्योतिर्विदाने वापरले. पुढे खोली आकसत पेटी झाली, पेटी आकसत खिशात मावली, ‘अंधारी’ हे विशेषण गळून पडले आणि नुसती ‘खोली’ उरली. न्यायालयात ‘इन कॅमेरा’ सुनावणी होते तेव्हा तिथे कोणी फोटो काढत नसतो. न्यायाधीशांच्या बंद खोलीतली सुनावणी, एवढाच त्याचा अर्थ. आणि हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगीजांकडून आला, तोही याच कुळातला. तेव्हा कमऱ्याचा कॅमेरा करणे म्हणजे शब्दाला त्याच्या माहेरी पोचवणे.

यातले शास्त्र मात्र नावापेक्षा फार जुने. प्रकाश सरळ रेषेत जातो; वाड्याच्या कौलांवरून निघालेला किरण भोकातून तिरपा खाली उतरतो, रस्त्यावरून निघालेला तिरपा वर चढतो; म्हणून चित्र उलटे. ख्रिस्तपूर्व काळातल्या चीनमध्ये मोझीच्या अनुयायांनी हे नोंदवून ठेवले होते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब पंडिताने सूर्यग्रहणाची चंद्रकोर भोकातून भिंतीवर कशी पडते याचा कसून अभ्यास केला. हंपीला गेलेल्या वाचकांनी विरूपाक्ष मंदिरात आतल्या भिंतीवर पडणारी गोपुराची उलटी छाया पाहिली असेल. तीही याच जातीची.

आपल्याकडचा आणखी एक धागा सांगण्याजोगा आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात एका मनोऱ्याच्या माथ्यावर अशी अंधारी खोली आहे. तिच्यात आरसा आणि भिंगे लावून सारे शहर एका पांढऱ्या मेजावर उतरवतात. तो मनोरा १८९२ साली पॅट्रिक गेडिस यांनी घेतला. शहर समजून घ्यायचे तर आधी ते एका दृष्टिक्षेपात पाहावे, असा त्यांचा आग्रह. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले, आणि आपले गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

घड्याळाप्रमाणे बदलणारी भिंत

आता मूळ कामाकडे. डोळ्यांना दिसले म्हणून कॅमेऱ्याला दिसतेच असे नाही. आमच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दिला. भोक एक सेंटिमीटरचे, भिंत चार मीटरवर. म्हणजे भिंतीवरचे चित्र बाहेरच्या उन्हातल्या दृश्याच्या मानाने सुमारे ८ लाख पटींनी अंधूक! बाहेर ज्या फोटोला सेकंदाचा १०० वा भाग पुरतो, त्यालाच आत सव्वादोन तास लागावेत. अ‍ॅपर्चर चांगले मोठे उघडून तो वेळ आम्ही आठ मिनिटांवर आणला. भोक लहान केले तर चित्र रेखीव होते. चार मीटरसाठी तीन मिलिमीटरचे भोक उत्तम. पण मग उजेड आणखी अकरा पटींनी घटतो. जेवणात मीठ आणि गोड यांचा मेळ घालावा तसाच हा प्रकार. आम्ही उजेडाच्या बाजूने कौल दिला.

सकाळी आठला पहिले छायाचित्र घेतले, ते वाया गेले. सूर्य आमच्या इमारतीमागे, आणि आमचीच सावली समोरच्या वाड्यावर. साडेआठ-नऊला ऊन कौलांवर आले आणि मग सज्ज्याकडे सरकू लागले. बाहेर ते वरून खाली उतरत होते, आमच्या भिंतीवर खालून वर चढत होते! साडेदहाला सज्जा उन्हात न्हाला. तीच खरी वेळ. तेव्हाच्या छायाचित्रात एक नवल दिसले. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, आम्हाला सगळे करडेच दिसत होते. पण कॅमेरा आठ मिनिटे रंग साठवत बसला होता. त्याच्या पडद्यावर जमिनीलगत निळेभोर आभाळ आणि सज्ज्यात आजींचे हिरवे लुगडे लख्ख उमटले.

दुपारी सव्वाबारानंतर सूर्य पश्चिमेकडे कलला आणि वाड्याची दर्शनी बाजू सावलीत गेली. भिंत मलूल झाली. पण दीडच्या सुमारास जमिनीवर, खिडकीच्या जवळच, एक लंबगोल तेजस्वी कवडसा पडलेला दिसला. ते साक्षात सूर्यबिंब. ते हळूहळू आत सरकू लागले, साडेचारनंतर भिंतीपाशी पोचले आणि बत्ताशाएवढे होऊन वर चढू लागले. बाहेर सूर्य मावळत होता आणि आमच्या घरात उगवत होता! अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवला, तर त्या बिंबाची तिरपी पांढरी रेघ उमटली. साडेपाचला सूर्य कौलांमागे गेला आणि ती रेघ मध्येच तुटली. (त्या भोकाला डोळा लावून सूर्याकडे पाहू नका, हे मुलांना निक्षून सांगा.)

रात्री उत्साहाने आकाशकंदिलाचे चित्र घेतले. पाऊण तासाने कॅमेऱ्यात एक केशरी ठिपका मिळाला, वाऱ्याने हललेला.

जो थांबतो तो उमटतो

पण मला खरा विचार करायला लावला तो साडेदहाच्या छायाचित्राने. ती आठ मिनिटे आमचा रस्ता वाहता होता: शाळेच्या रिक्षा, भाजीची हातगाडी, दुचाक्यांचा लोंढा. आमच्या डोळ्यांदेखत सारे छतावरून गेले. छायाचित्रात मात्र रस्ता निर्मनुष्य! चालणाऱ्यांपैकी एकही उमटला नव्हता. उमटल्या होत्या फक्त आजी. कारण त्या बसून होत्या. तांदूळ निवडणारा हात पुसट झाला होता, पण देह ठाम होता.

छायाचित्रणाच्या आरंभापासून हेच घडत आले आहे. १८३८ च्या सुमारास दागेर याने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. चित्राला काही मिनिटे लागली. गाड्या, घोडे, माणसे सारी नाहीशी झाली. उरला फक्त एक मनुष्य, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. कॅमेऱ्याने टिपलेल्या माणसांत तो अगदी पहिल्यांपैकी मानला जातो. त्याही आधी, १८२६-२७ मध्ये, निएप्स याने आपल्या खिडकीतून घेतलेले चित्र आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जपलेले आहे. त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन दिसते, कारण चित्र पुरे होईतो सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेला होता. सकाळ आणि दुपार एकाच चित्रात नांदताहेत! आणि १९९१ पासून अबेलार्दो मोरेल या क्यूबात जन्मलेल्या अमेरिकन छायाचित्रकाराने खोल्यांचे असेच कॅमेरे करून त्यांची चित्रे घेतली. सुरुवातीला एकेका चित्राला त्याला आठ-आठ तास लागत. न्यूयॉर्कचा टाइम्स चौक त्याने हॉटेलच्या खोलीत उतरवला, तेव्हा तिथली गर्दीही अशीच विरघळून गेली.

मला वाटले, आपल्या शहरांचेही असेच झाले आहे. आपण इतके धावतो, की कुणाच्याच आठवणीत नीट उमटत नाही. आमची पेठ माझ्या मनात ज्यांच्यामुळे आहे ती माणसे कोण? सज्ज्यातल्या आजी, ओट्यावरचे शिंपीकाका, देवळापाशी बसणारी फुलवाली. सगळी बसलेली माणसे.

तिसऱ्या दिवशी समोरून हाक आली, “अगं सूनबाई, तीन दिवस खिडकी का गं बंद? घरात सगळी बरी आहेत ना?” मी आजींना हाताला धरून घेऊन आले. अंधारात त्यांना सतरंजीवर बसवले. हळूहळू भिंतीवर वाडा उमटला. “अगंबाई, आमचा वाडा पालथा घातलात की!” असे म्हणून त्या हसल्या. मग गप्प झाल्या. म्हणाल्या, “पानशेतच्या पुरानंतर दोन वर्षांनी मी या वाड्यात लग्न होऊन आले. एकसष्ट साली पाणी जोत्याला लागून गेलं म्हणे, पण भिंत हलली नाही.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मी कुठे दिसत नाही ती?” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही इथं बसलाय ना! सज्जा रिकामाच दिसणार.” त्यावर आजी भिंतीवरच्या त्या रिकाम्या सज्ज्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

दिवाळीच्या पाडव्याला मी त्यांना साडेदहाचे छायाचित्र मोठे करून दिले. आधी ते सुलट करून छापले होते, पण त्यात एक खोट निघाली. नुसता कागद फिरवला की खाली-वर ठीक होते, डावे-उजवे मात्र बदलते. वाड्याखालच्या वाणीदादांच्या पाटीवरची अक्षरे आरशातल्यासारखी, आणि सज्जा भलत्याच टोकाला. मी संगणकावर तेही नीट केले आणि दोन्ही प्रती घेऊन गेले, एक सरळ आणि एक भिंतीवर दिसली तशी उलटी. आजींनी उलटी निवडली. म्हणाल्या, “सरळ वाडा मला डोळे मिटले तरी दिसतो गं. असा कुठे पाहिला होता?”

आजी आता मुलाकडे उपनगरात राहतात. वाडा माघात पाडला. समोर निळे पत्रे आहेत. यंदा सासूबाईंच्या हट्टावरून आम्ही पुन्हा पुठ्ठा ठोकला. रस्ता छतावर पूर्वीसारखाच वाहतो. भिंतीवर आभाळ मात्र आता बरेच वरपर्यंत येते.

वाचकहो, सुट्टीत एक दिवस काढा. जिच्यासमोर भरपूर ऊन पडते अशी खिडकी निवडा. पूर्वेच्या खिडकीला दुपार, पश्चिमेच्या खिडकीला सकाळ चांगली. भोक वाटाण्याएवढे करा. चित्र ठसठशीत हवे असेल तर चष्मेवाल्याकडून अधिक पाव नंबरचे बहिर्गोल भिंग आणून भोक मोठे करून त्यात बसवा. त्याचे अंतर बरोबर चार मीटर असते. डॅनिएले बार्बारो या इटालियन पंडिताने १५६८ मध्ये म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचे भिंग अशाच भोकात बसवायला सांगितले होते. कॅमेरा तिवईवर, नसेल तर स्टुलावर ठेवा. आणि डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटे घरातल्या सगळ्यांनी अंधारात एकत्र बसा. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी आम्ही तसे बसलो होतो.