पाच किलोमीटरची पावती

पहाटे ४.४५
उठल्यावर पहिलं काम, डावा हात वर जातो का ते बघणं. भिंतीला तोंड करून बोटं हळूहळू वर चढवत न्यायची. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हा फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला हा व्यायाम अजून चालू आहे. मग चहा, केळं. पिशवीत गॉगल, टोपी आणि पोहण्याचा पोशाख. त्याला आतून खिसा शिवून घेतलाय. सिलिकॉनचा स्तन त्यात बसतो.

सकाळी ६
शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव. डावा हात पाणी कमी ओढतो, त्यामुळे मी डावीकडे सरकत जाते. इथे तळाची काळी रेघ सांभाळून घेते. रविवारी समुद्रात पोहायचंय, तिथे रेघ नसणार. म्हणून सर काठावरून ओरडतात, “ताई, मान वर! गेटवे कुठाय?” दर काही हातांनी डोकं वर काढून दिशा बघायची, की पुन्हा तोंड पाण्यात. संक रॉकच्या दीपस्तंभापासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत पाच किलोमीटर अंतर आहे. भरती चढत असताना निघायचं, म्हणजे पाणीच बंदराच्या आत ढकलतं. रेंगाळलं आणि ओहोटी लागली, की तेच पाणी मागे ओढतं.

सकाळी ८.३०
दादरहून लोकल. हातावर घट्ट स्लीव्ह चढवलेली, नाहीतर सूज येते. गर्दीत डावी बाजू खिडकीकडे ठेवून फोन उघडते. पोहण्याच्या निमित्तानं कर्करोग संशोधनासाठी पैसे मागतेय. पैसे माझ्या खात्यात घेत नाही. थेट रुग्णालयाकडे भरायला सांगते. निरोप नेहमीचेच. “८०जीची पावती मिळेल ना?” मिळेल. “पेशंट कोण आहे? फोटो पाठवा, ग्रुपवर टाकतो.” इथे माझी पंचाईत होते. आजारी मुलाचा फोटो बघून लोक भराभर पैसे देतात, आणि द्यावेतच. संशोधनाचा फोटो कुठून आणू?

दुपारी १.३०
बँकेत डबा खाताना शेजारच्या काउंटरवरचे साहेब म्हणाले, “मॅडम, संशोधन औषध कंपन्या करतात की! आपण कशाला?” त्यांना लिडोकेनची गोष्ट सांगितली. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात, ते औषध. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं ११ केंद्रांत जवळपास १६०० स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या जणींना स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती हे इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. “इतक्या स्वस्त, जुन्या औषधावर कुठली कंपनी दहा वर्षं खर्च करेल, साहेब?” साहेबांनी पोळी संपवली आणि क्यूआर कोड मागितला.

संध्याकाळी ६.३०
सोसायटीत हळदीकुंकू. वाणासोबत माझी चिठ्ठीही वाटायची परवानगी मिळाली आहे. इथे आकडेवारी चालत नाही, व्हिनेगर चालतं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांची टाटानं केलेली चाचणी. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं, संशयास्पद भाग पांढरा दिसतो. तपासायला डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेल्या, बेताचं शिकलेल्या बायका. ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जाहीर झालं. “मग त्याला एवढा पैसा कशाला लागतो गं?” एका काकूंनी विचारलं. रास्त प्रश्न. व्हिनेगरला पैसा लागत नाही. पैसा लागतो तो त्याच बाईचं दार वर्षानुवर्षं ठोठावायला: घर बदललं तर शोधायला, गावी गेली तर विचारपूस करायला, वारली तर कशानं ते नोंदवायला. या चाचणीला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं दिला होता. आपल्या चाळीतला प्रश्न, खर्च सातासमुद्रापलीकडचा. काकूंनी पर्स उघडली. वर “तू बुडू नकोस म्हणजे झालं” हेही ऐकवलं.

रात्री ९.३०
स्लीव्ह काढून हाताला हलक्या हातानं, खांद्याच्या दिशेनं मालीश. रविवारसाठी व्हॅसलीन, जादा गॉगल, होडीवरच्या माणसाकडे द्यायची ग्लुकोजची बाटली. मग हिशेबाची वही. काहींनी किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत, त्यांतल्या एका चुलतभावाचा निरोप आहे: “आधी पोहून दाखव, मग मोजून देतो.” त्याला लिहिलं: “दादा, पाच धरून आजच भर. ओहोटी लागली तर मला होडीत घेतील आणि माझे किलोमीटर कमी भरतील. दारं ठोठावणाऱ्यांचा पगार मात्र पूर्णच द्यावा लागतो.”