किनेक्टचे शंभर डॉलर

२०१३च्या नोव्हेंबरात आठवड्याच्या अंतराने दोन गेम कन्सोल अमेरिकेतल्या दुकानांत आले. सोनीचा प्लेस्टेशन ४ होता ३९९ डॉलरला, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन ४९९ला. वरच्या शंभर डॉलरांत, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांहून थोड्या जास्त पैशांत, गिऱ्हाइकाला मिळत होता टीव्हीपाशी ठेवायचा एक काळा ठोकळा : किनेक्ट. त्यात कॅमेरा, माइक आणि समोरच्या माणसाचे हातपाय नेमके कुठे आहेत हे ओळखायची अक्कल. हातात काही धरायचं नाही, आपलं अंग हाच रिमोट. आणि नको असेल तर तो वगळून कन्सोल घ्यायची सोय नव्हती. सहा महिन्यांतच, २०१४च्या मेमध्ये, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की ९ जूनपासून किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन मिळेल. किंमत ३९९.

ठोकळा शंभर डॉलरच्या लायकीचा आहे का, याचा निकाल असा खुद्द बनवणाऱ्यानेच लावला. तरी तो निकाल वाटतो तितका सोपा नाही. कारण तीनच वर्षांपूर्वी याच किनेक्टच्या पहिल्या आवृत्तीसाठी लोकांनी दीडशे डॉलर हौसेने मोजले होते, आणि तेही कुणी सक्ती केलेली नसताना.

पहिला किनेक्ट ४ नोव्हेंबर २०१०ला आला, आधीच्या एक्सबॉक्स ३६०साठी. दोन महिन्यांत ८० लाख नग खपले आणि सर्वांत झपाट्याने विकलं गेलेलं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्यामागचं तंत्र होतं प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. ठोकळ्यातला छोटा प्रोजेक्टर खोलीभर हजारो अवरक्त ठिपके उधळतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. शेजारचा कॅमेरा मात्र ते पाहतो. जवळच्या वस्तूवर पडलेला ठिपका आणि लांबच्या भिंतीवर पडलेला ठिपका कॅमेऱ्याला वेगवेगळ्या अंतराने सरकलेले दिसतात, आणि त्या सरकण्यावरून प्रत्येक बिंदू किती लांब आहे हे काढता येतं. पुढचं काम मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांचं : त्या बिंदूंच्या ढगातून कोपर कोणतं, गुडघा कोणता, हे क्षणाक्षणाला ताडायचं. दीडशे डॉलरच्या घरगुती वस्तूत हे बसवणं ही २०१०साली खरोखर थक्क करणारी गोष्ट होती. आजही आहे, असं माझं मत.

थक्क होऊन झाल्यावर खेळायचं काय, हा प्रश्न उरतो. हार्मोनिक्स या कंपनीचा ‘डान्स सेंट्रल’ हा किनेक्टवरचा सगळ्यांत नेटका खेळ, आणि तो नेटका का आहे हे पाहण्यासारखं आहे. अंग ओळखून ती हालचाल पडद्यावर दिसेपर्यंत जाणवेल इतका उशीर व्हायचा. नाचात तो लपतो. गाणं ठरलेलं, पुढची स्टेप कोणती ते खेळालाही माहीत आणि खेळणाऱ्यालाही. तुमची स्टेप बरी जमली की नाही हे क्षणभराने कळलं तरी चालतं. पण समोरून गोळी येतेय आणि बाजूला व्हायचंय, तिथे तोच उशीर जीव घेतो. दुसरी अडचण आणखी साधी. खेळातलं पात्र मैलभर चालू शकतं, तुम्ही खोलीत चार पावलं टाकलीत की टीव्हीला धडकता. बटण नसेल तर पुढे जायचं कसं सांगणार? म्हणून किनेक्टचे कितीतरी खेळ आखून दिलेल्या वाटेवरून आपोआप सरकत राहायचे आणि खेळणारा फक्त हात हलवायचा. शिवाय एकट्याने खेळायला टीव्हीपासून सहा फूट आणि दोघांना आठ फूट मोकळी जागा हवी, असं कंपनीच सांगत होती. मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये ही अट पाळायची तर पलंग उभा करून भिंतीला टेकवावा लागेल. ही किंमत पावतीवर येत नाही.

पावतीवर न येणारी दुसरी किंमत जास्त मोठी आहे. अशा विचित्र कंट्रोलरसाठी पैसे मोजणारा माणूस खरं तर त्यात नसलेल्या गोष्टीसाठी पैसे मोजत असतो : दुसऱ्या कुणीतरी, पुढे कधीतरी, त्याच्यासाठी बनवायच्या खेळांसाठी. खेळ बनवणारी कंपनी आधी डोकी मोजते. २०१३च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने दिलेले आकडे होते ७ कोटी ६० लाख एक्सबॉक्स ३६० आणि २ कोटी ४० लाख किनेक्ट. यश दणदणीत, पण खेळ बनवणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिलं तर तीन घरांतल्या दोन घरांत किनेक्ट नाही. फक्त किनेक्टवर चालेल असा महागडा खेळ काढायचा म्हणजे दोन तृतीयांश बाजारावर आपणहून पाणी सोडायचं. मग काढतात ते स्वस्तातले, छोटे खेळ. ते पाहून उरलेले लोक किनेक्ट घेत नाहीत. चक्र सुरू.

हे चक्र तोडायला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या प्रत्येक खोक्यात किनेक्ट घातला. तर्क बिनतोड होता. प्रत्येक घरात असला की कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नाही. फक्त त्याला लागणारा मोठा खेळ त्या दिवशी तयार नव्हता. ‘किनेक्ट स्पोर्ट्स रायव्हल्स’ हा घरचा मुख्य खेळ आला एप्रिल २०१४मध्ये, म्हणजे किनेक्ट खोक्यातून बाहेर काढण्याची घोषणा व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यात मुहूर्तही वाईट निघाला. २०१३च्या जूनमध्येच एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं फोडली होती आणि त्याच उन्हाळ्यात दिवाणखान्यात कायम ऐकत बसणारा माइक विकायचा होता. किनेक्ट जोडलेला नसेल तर कन्सोल चालणारच नाही, ही मूळ अट कंपनीने ऑगस्टमध्ये मागे घेतली.

अजून एक तपशील मला या सगळ्यात बोलका वाटतो. एक्सबॉक्स वनच्या ग्राफिक्स ताकदीतला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा किनेक्ट आणि इतर सिस्टीमच्या कामांसाठी राखून ठेवलेला असे. २०१४च्या जूनमध्ये तो खेळ बनवणाऱ्यांना मोकळा करून दिला गेला. म्हणजे किनेक्ट न वापरणाराही तोवर दोनदा पैसे भरत होता : एकदा गल्ल्यावर आणि एकदा रोज, थोड्या फिक्या चित्राच्या रूपाने.

मग निन्टेन्डोला प्रत्येक खोक्यात विचित्र कंट्रोलर घालणं कसं साधलं? वी हा कन्सोल २००६च्या नोव्हेंबरात अमेरिकेत २५० डॉलरला आला. प्लेस्टेशन ३ त्याच आठवड्यात ५०० आणि ६०० डॉलरला होता. वीचा कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा. आत अॅनालॉग डिव्हायसेसची छोटी गती मोजणारी चिप, आणि ही कंपनी आधीपासून मोटारींच्या एअरबॅगसाठी त्याच जातीच्या चिपा बनवत होती. रिमोटच्या टोकाला अवरक्त कॅमेरा. टीव्हीवर ठेवायचा ‘सेन्सर बार’ मुळात सेन्सर नाहीच. त्याच्या दोन टोकांना फक्त अवरक्त दिवे असतात. त्याऐवजी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागतं, आणि लोकांनी ते करून पाहिलंय. सगळं स्वस्त, सगळं आधीच मुरलेलं. खोक्यात ‘वी स्पोर्ट्स’, ज्यातलं टेनिस आणि बोलिंग आजीलाही सांगावं लागत नसे. आणि बटणं काढून टाकली नव्हती! हात हलवायचा कंटाळा आला तर अंगठ्याने खेळा. वी दहा कोटींवर खपला. हात हलवण्याच्या भरात रिमोट निसटून टीव्ही फुटण्याच्या तक्रारी आल्या आणि ३२ लाख मनगटी पट्टे बदलून द्यावे लागले, तेवढाच काय तो भुर्दंड. लोकांनी कंट्रोलरसाठी वेगळे पैसे मोजलेच नाहीत, कारण तो घेऊनही कन्सोल सर्वांत स्वस्त होता. शंभर डॉलर वर चढवल्यावर मात्र प्रत्येक जण त्या शंभरांचा जाब विचारतो.

जाब विचारायचाच तर कॅपकॉमच्या ‘स्टील बटालियन’ला विचारावा. २००२चा हा खेळ पहिल्या एक्सबॉक्सवरचा, कंट्रोलरसकट दोनशे डॉलर. तेव्हा अख्खा एक्सबॉक्सही तेवढ्यालाच मिळत होता. दोन दांडे, तीन पेडल, चाळीसेक बटणं, टेबलभर पसारा. तुम्ही एका अजस्र चालत्या युद्धयंत्राचे चालक. ते सुरू करायचं तर आधी झाकण बंद, मग ओळीने खटके वर, मग इग्निशन. काच मळली की धुवायचं वेगळं बटण, आग लागली की विझवायचं वेगळं. आणि प्लॅस्टिकच्या झाकणाखाली बाहेर उडी मारायचं बटण. यंत्राचा स्फोट व्हायच्या आत ते दाबलं नाही तर चालक मरतो आणि तुमचा साठवलेला सगळा खेळ पुसला जातो. असल्या वेडाला कुणी शहाणा पैसे देईल का? माझ्या मते, या यादीतला सर्वांत प्रामाणिक सौदा हाच. उद्याच्या खेळांचं आमिष त्यात नव्हतं. खेळ आणि कंट्रोलर एकच वस्तू होती, दोनशे डॉलरचं जे काही होतं ते पहिल्याच दिवशी टेबलावर होतं. २००४मध्ये त्यावर दुसरा एक खेळ आला तो बोनस.

गंमत म्हणजे २०१२मध्ये याच मालिकेचा पुढचा खेळ किनेक्टवर आला. चाळीस बटणांच्या जागी नेहमीचा साधा कंट्रोलर, आणि बाकीचं सगळं हवेत. खिडकीबाहेर पाहायला हात पुढे करावा तर यंत्र भलतंच काही करायचं, आणि समीक्षकांनी खेळाची सालटी काढली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात मिळणाऱ्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमबरोबर बऱ्याचदा बंदूक यायची. मूळ निन्टेन्डोच्या बंदुकीची ती नक्कल. बदकं मारायच्या खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या प्रकाशसंवेदी भागाला तो पांढरा दिसला तर बदक मेलं. इतकं साधं, म्हणून इतकं स्वस्त. बदकं मारण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नव्हता, पण तिची किंमत वेगळी मोजावी लागली, असं कुणाला वाटलं नाही. पुढे चपटे टीव्ही आले आणि जुन्या डब्बा टीव्हीच्या वेळेला बांधलेली ती बंदूक आंधळी झाली.

किनेक्टचं उत्पादन २०१७च्या ऑक्टोबरात थांबलं. प्राइमसेन्स २०१३मध्येच ॲपलने विकत घेतली होती, आणि २०१७च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखायला ठिपक्यांचीच युक्ती वापरलेली आहे. रोबो बनवणाऱ्या प्रयोगशाळांनी पहिल्या वर्षापासून किनेक्ट उचलला होता, कारण अंतर मोजणारा इतका स्वस्त कॅमेरा त्यांना दुसरा मिळतच नव्हता. त्यांच्यासाठी दीडशे डॉलर म्हणजे फुकटच. खेळणाऱ्यांनी भरलेल्या पैशांवर भलत्याच लोकांचं भलं झालं, इतकंच.

खुद्द मायक्रोसॉफ्टकडूनच पुढे शंभर डॉलरचा दुसरा एक विचित्र कंट्रोलर आला, २०१८च्या सप्टेंबरात. एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर. ज्यांना नेहमीचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरता येत नाही त्यांच्यासाठी. वर दोन मोठ्या गोल थाळ्या, मागे एका ओळीत १९ जॅक. प्रत्येक जॅकला हवा तो स्विच जोडायचा : पायाने दाबायचा, कोपराने दाबायचा, डोक्याशेजारी लावायचा. नेहमीचा कंट्रोलर तेव्हा साठ डॉलरच्या घरात होता, म्हणून शंभर फार नव्हते. पण वैद्यकीय उपकरणांच्या बाजारात असा एकेक स्विचच साठ-सत्तर डॉलरला जायचा, आणि चार-पाच लागले की मूळ कंट्रोलरपेक्षा खर्च कितीतरी वर. २०१९मध्ये लॉजिटेकने बारा स्विचांचा संच शंभर डॉलरला काढला तेव्हा कुठे हिशेब आवाक्यात आला. या कंट्रोलरसाठी मात्र एकही नवा खेळ बनवावा लागला नाही. कन्सोलला तो साधाच कंट्रोलर वाटतो, बाजारातला कुठलाही खेळ पहिल्या दिवसापासून चालतो. त्यामुळे कितीजणांनी तो घेतला, यावर घेणाऱ्याचं काहीच अवलंबून नाही.

सोनीचा याच जातीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३च्या डिसेंबरात ९० डॉलरला आला. दिसायला देखणा, पण जॅक चारच. त्याहून जास्त स्विच जोडायचे असतील तर दुसरा नग घेऊन पहिल्याशी जुळवावा लागतो, आणि मग रक्कम १८०वर जाते.